मोटरला आधीच सांगितलेलं

माझ्या वडिलांचं मांजरीत मोटर वायंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या ऊस आणि भाजीपाल्याच्या रानांतून पंपाच्या जळलेल्या मोटरी तिथे यायच्या. मोटर का जळली, याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं. तीन फेजपैकी एक गेली, मालकाला पत्ता नाही, मोटर उरलेल्या दोन फेजवर कण्हत राहिली आणि आतून भाजून निघाली. वडील झाकण उघडायच्या आधीच नुसत्या वासावरून हे सांगायचे आणि मालक हटकून म्हणायचा, "न्हाई वो, फेज तर तिन्ही व्हत्या." वडील वाद घालायचे नाहीत. आमचं घर आणि माझं शिक्षण त्या गेलेल्या एका फेजवर चाललं.

मी पुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले, कर्वेनगरच्या बाजूच्या एका कॉलेजात शिकवायला लागले आणि पीएचडीसाठी विषय घेतला तो सहा फेजच्या मोटरचा. पोरीने बापाचाच धंदा उचलला, फक्त इंग्रजीत, असं आमचे एक नातेवाईक म्हणायचे. त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

"तुमास्नी सहा पायजेत व्हय?" वडील म्हणाले. "हितं शेतकऱ्याला तीन मिळायची मारामार. ती बी आठवड्यातनं निम्मं दिस."

मी त्यांना समजावलं. सहा एवढ्यासाठी, की एक गेली तरी मोटर उरलेल्या पाचांवर नीट चालावी. पण ती आपोआप चालत नाही. तिला वीज देणाऱ्या कंट्रोलरला डोकं असावं लागतं. माझा कंट्रोलर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाला एकदा विचार करतो. सहा फेजना वीज कशी जोडायची याचे चौसष्ट प्रकार होतात. प्रत्येक प्रकार वापरला तर पुढच्या क्षणी मोटरचं काय होईल याचा अंदाज तो आधी बांधतो, त्यातला सगळ्यात कमी वाईट प्रकार निवडतो आणि तेवढंच एक पाऊल टाकतो. मग सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. हे त्याला जमतं, कारण त्याच्या पोटात त्या मोटरचं एक गणिती चित्र असतं.

"म्हंजे पंचांग बघून पाऊल टाकती म्हना की," वडील म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "अन् चित्र चुकलं तर?"

"तर मोटर जळते."

"मग ठीक हाय. आमचं दुकान चालू ऱ्हाईल."

सहा फेजची मोटर बाजारात सहज मिळत नाही. साधी तीन फेजची घेऊन तिचं वायंडिंग बदलून घ्यावं लागतं. कॉलेजने एका वायंडरला विचारलं, त्याने माझी आकृती बघून लांबूनच हात जोडले. मग वडील म्हणाले, आण इकडं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी ती मोटर उघडली, जुनी तार उपसली आणि माझ्या आकृतीवर दोन ठिकाणी लाल पेन्सिलीने खुणा केल्या. दोन्ही ठिकाणी माझं चुकलं होतं. नव्या कॉइल भरायला त्यांना बारा दिवस लागले, कारण गुडघे दुखायचे आणि दर अर्ध्या तासाला ते उठून दुकानाबाहेर जाऊन उभे राहायचे. वार्निश सुकल्यावर मोटर चालवून बघितली तेव्हा त्यांनी तिच्या अंगावर तळहात टेकवला आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं. हात न उचलता दहा झाले की मोटर बरी, अशी त्यांची कसोटी होती.

"जपून वापर," ते म्हणाले. "अशी दुसरी आता माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

मी जपून वापरली. इतकी जपून, की त्यातूनच पुढचं सगळं झालं.

मांजरीहून कर्वेनगर म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणून मी सदाशिव पेठेत एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली होती. खाली क्लास, वर दवाखाना, मध्ये मी. रविवारी घरी जायचे. प्री-सबमिशन सेमिनार जवळ आला तसे रविवारही बंद झाले. प्रबंध सादर करण्याआधी विभागातल्या आणि बाहेरच्या लोकांसमोर सगळं काम मांडायचं, ते होकार देतील तर पुढे जायचं, असा तो सेमिनार असतो. माझे गाईड सर पुढच्या सत्रात निवृत्त होणार होते. त्यांच्या आधी प्रबंध गेला नाही तर नवा गाईड, नवे कागद आणि कॉलेजातली माझी कच्ची नोकरी आणखी दोन वर्षं कच्ची.

घरी रोज संध्याकाळी फोन करायचे. वडिलांचा प्रश्न ठरलेला असायचा, "मोटर गरम व्हती का गं?" मी म्हणायचे, नाही. ते म्हणायचे, "मग झालं." एवढंच आमचं बोलणं. सेमिनारच्या आधीच्या आठ दिवसांत मात्र फोन आईच घ्यायची. एकदा ते दुकानात असायचे, एकदा जेवायला बसलेले, एकदा झोपलेले. मी म्हणायचे, बरं, झोपू दे.

सेमिनार चांगला झाला. फारच चांगला झाला. मोटर पूर्ण भारावर चालत असताना मी एक फेज तोडते आणि वेगावर ओरखडासुद्धा उठत नाही, असा आलेख मी पडद्यावर दाखवला. बाहेरून आलेले एक प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकून बसले. एरवी मान हलवायचीही कंजुषी करणारे आमचे सर त्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या हाताने बाकरवडी वाटत होते.

बाहेर आल्यावर फोन बघितला. दादाचे चार मिस्ड कॉल होते. मी त्याला उत्साहाने सांगितलं की झालं, सगळ्यांनी होकार दिला. तो म्हणाला, "झालं ना सगळं? नक्की? मग आता ये. अप्पांना दवाखान्यात ठिवलंय."

स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. तीन आठवड्यांपूर्वी कळलं होतं. शेवटच्या आठ दिवसांत ते मांजरीजवळच्याच एका हॉस्पिटलात होते. मी पोचले तेव्हा तोंडावर मास्क होता आणि डोळे मिटलेले होते. मी "अप्पा" म्हणाले. आणखी दोनदा म्हणाले. नर्स म्हणाली, कालपासून असेच आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

दादाने कॉरिडॉरमध्ये मला सांगितलं, "त्यांनीच सांगितलं व्हतं. तिला कळवू नका, तिचं व्हऊ द्या." आईने मान हलवली. पुढे दहाव्याला, तेराव्याला जो येईल तो हेच बोलत होता. बघा, शेवटपर्यंत पोरीच्या शिक्षणाचा विचार. केवढं मन. बायका माझ्याकडे बघून पदर डोळ्याला लावायच्या. मला काहीच वाटत नव्हतं. हे मी शोभेसाठी म्हणत नाही. खरंच काही वाटत नव्हतं. मी चहा करत होते, सतरंज्या झटकत होते, मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभी होते. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. दाढेला भूल दिल्यावर गाल जसा आपलाच असून आपला नसतो, तशी मी होते. एवढं एक वाक्य मात्र मी धरून ठेवलं होतं, की त्यांचीच तशी इच्छा होती.

चौदाव्या दिवशी मी कॉलेजात गेले.

प्रबंधाच्या शेवटी प्रयोगाच्या जोडणीची आकृती द्यायची होती. कंटाळवाणं काम, विचार लागत नाही, म्हणून मी तेच आधी घेतलं. लॅबमध्ये पॅनेलसमोर बसून मी एकेक वायर बघत होते आणि संगणकावर रेघ ओढत होते. फेज तोडायचं लाल बटण आलं. त्या बटणातून एक वायर कॉन्टॅक्टरकडे जात होती, म्हणजे फेज प्रत्यक्ष तोडणाऱ्या स्विचकडे. ती मी काढली. दुसरी वायर त्याच बटणातून निघून सरळ कंट्रोलरच्या बोर्डात शिरत होती. तीही काढली. मग मी काढलेल्या आकृतीकडे बघत बसले.

ती दुसरी वायर मीच लावली होती. दोन वर्षांपूर्वी, चाचण्या सुरू केल्या तेव्हा. फेज तुटली हे कंट्रोलरला कळलं नाही आणि तो जुन्या चित्रावर चालत राहिला तर वायंडिंग जळेल, अशी मला धास्ती होती. वडिलांचे बारा दिवस माझ्या डोळ्यांसमोर होते. म्हणून मी अशी सोय केली, की बटण दाबलं की कंट्रोलरला निरोप जाईल, सहावी फेज आता गेली समज, तुझं चित्र बदल. तात्पुरतं, असं वहीत लिहिलंही होतं. आपल्याकडे तात्पुरतं म्हणून जे जे होतं ते कायमचं होतं, पुलापासून प्राध्यापकापर्यंत. मीही विसरले.

आणि कॉन्टॅक्टर हा यांत्रिक प्राणी. बटण दाबल्यावर उघडायला त्याला काही मिलिसेकंद लागतात. निरोप मात्र तत्काळ पोचतो. म्हणजे फेज प्रत्यक्ष तुटायच्या आधी कंट्रोलर तयारीने बसलेला असायचा. पडद्यावरची ती सपाट रेघ, ती वाखाणणी, ती बाकरवडी, सगळं यावर उभं होतं. खऱ्या जगात कुठल्याही मोटरला आधी कुणी सांगत नाही, की बाई, तुझी एक फेज आता जाणार आहे.

मोटरला आधी सांगितलं होतं आणि मला नाही. हे मला त्याच वेळी सुचलं आणि मी त्यावर हसले. चांगलं हसू नव्हतं.

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, आकृती बघितली.

"किती जणांना माहीत आहे हे?"

"दोघांना, सर. तुम्ही आणि मी."

"मग तुम्ही विसरा. मी वयाने विसरेनच."

"सर, प्रबंधाचं नावच बिघाड सोसणारी मोटर असं आहे."

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. परीक्षक आकृतीतल्या वायरी मोजत नाहीत. जेवण कुठे आहे ते बघतात." मग म्हणाले, "घरी एवढं झालंय तुमच्या. आत्ता हे कशाला काढताय?"

प्रामाणिकपणा वगैरे शब्द मनात नव्हते. कशाचंच काही वाटत नव्हतं, तर भीतीही वाटत नव्हती, एवढंच. एरवी मी गप्प बसले असते, याची मला जवळजवळ खात्री आहे.

ती दुसरी वायर मी कापली. आता दोनच वाटा होत्या. वायर परत जोडून खोटा आलेख पाठवायचा, नाहीतर कंट्रोलरला काहीही न सांगता फेज तोडायची आणि वडिलांनी हाताने भरलेलं वायंडिंग पणाला लावायचं. ते जळलं तर दुसरं कोण भरणार होतं? दुकानाचं शटर दादाने खाली ओढलं होतं.

पहिल्यांदा अगदी कमी भारावर करून बघितलं. फेज तुटली. कंट्रोलर आपल्या चौसष्ट प्रकारांतून इमानेइतबारे निवड करत राहिला आणि नसलेल्या फेजला वीज पाठवत राहिला. मोटर काही मिनिटं घुरघुरत राहिली, उरलेल्या फेजमधला प्रवाह वर चढत गेला आणि शेवटी संरक्षणाच्या सर्किटने सगळं बंद केलं. मी जाऊन मोटरवर तळहात ठेवला. पाचपर्यंत मोजता आलं.

म्हणजे कंट्रोलरला स्वतःच ओळखता यायला हवं होतं. खरं तर त्याच्याकडे त्यासाठी लागणारं सगळं होतं. तो दर क्षणी अंदाज बांधतो आणि पुढच्या क्षणी प्रत्यक्ष प्रवाह मोजतो. दोन्हींत फरक पडला, सारखा पडत राहिला आणि एकाच फेजमध्ये पडत राहिला, तर समजायचं की तिथे काही उरलेलं नाही. एकदा फरक पडला म्हणून घाबरायचं नाही, कारण मोजमापात चुका असतात. पण किती वेळा पडल्यावर मानायचं? लवकर मानलं तर चांगली फेज मेली म्हणून सोडून देऊ. उशिरा मानलं तर मोटर जळेल. यावर मी तीन आठवडे घालवले.

हा प्रोग्राम लिहीत असताना आठ दिवसांचे ते फोन डोक्यात यायचेच. रोज संध्याकाळी माझा अंदाज असायचा, की वडील फोनवर येतील आणि मोटर गरम होते का विचारतील. रोज ते यायचे नाहीत. सलग आठ वेळा. कंट्रोलरला मी यापेक्षा कितीतरी कमी वेळा फरक दिसला तरी सावध व्हायला शिकवत होते. मला स्वतःचा संताप यायला हवा होता. आला नाही. मी आकडा बदलला आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.

शेवटच्या चाचणीला मी लॅब असिस्टंटना बोलावलं. बत्तीस वर्षं नोकरी झालेले, पेठेतले गृहस्थ. सहाही फेजच्या जोडण्यांवर मी हाताने ओढायचे स्विच लावले होते.

"मी पाठ करून बसते," मी म्हणाले. "कुठला ओढायचा आणि कधी, ते तुम्ही ठरवा. मला सांगू नका."

"त्यात काय मॅडम. आपल्या कॉलेजात सांगून काय होतं?" ते म्हणाले.

मोटर पूर्ण भारावर आणली. मी पडद्याकडे तोंड करून बसले. मागे त्यांनी तपकीर काढली, शिंकले, रुमाल घडी करून खिशात ठेवला, हे सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं ते विसरले. तेवढ्यात मोटरचा आवाज एकदम घोगरा झाला, बाकावरचा स्क्रूड्रायव्हर थरथरला, पडद्यावर वेगाची रेघ खाली कोसळली. वार्निशचा वास आला. तो वास मला जन्मापासून ठाऊक होता. बंद करायच्या बटणावर माझं बोट गेलं होतं. मी दाबलं नाही. रेघ खाली जाऊन थांबली, वर वळली, डुलत डुलत पहिल्या जागी आली. मोटर चालत राहिली, पाच फेजवर.

"चौथी ओढली मी," असिस्टंट म्हणाले. "बरोबर ना?"

पडद्यावर चौथीच दिसत होती. मी अर्धा तास मोटर तशीच चालवली, मग हात ठेवला. दहा झाले. इन्सुलेशन तपासलं, ते शाबूत होतं. मोटर वाचली होती आणि मला काहीच वाटलं नाही. असिस्टंट चहा मागवू का विचारत होते. मी हो म्हणाले.

नवा आलेख घेऊन सरांकडे गेले. आधी जिथे सपाट रेघ होती तिथे आता खड्डा होता.

"हा खड्डा तुम्ही परीक्षकांना दाखवणार?"

"हो सर. आणि आधीची जोडणी चुकीची होती, हेही एका पानावर लिहिलंय. जुन्या आलेखावर माझा एक लेख छापून आलाय, त्याच्या संपादकांनाही कळवणार आहे."

त्यांनी ते पान दोनदा वाचलं. "पुण्यात रस्त्यातला खड्डा कुणी कबूल करत नाही आणि तुम्ही आलेखातला करताय," ते म्हणाले आणि सही केली. समितीपुढे पुन्हा जावं लागेल, निवृत्तीच्या आत होईलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी बरं म्हणाले.

त्या रविवारी मांजरीला गेले. वडिलांना जाऊन चार महिने होत आले होते. आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मीही बसले, एक जुडी पुढ्यात ओढली. कॉलेजात शिकलेली माझी भाषा घरी आल्यावर आपोआप गळते. कसं चाललंय, असं तिने विचारलं, म्हणून मी सांगितलं. एरवी सांगितलं नसतं. मोटरला आधी कसं कळत होतं, मी ते कसं सगळ्यांपुढे मांडलं, टाळ्या कशा घेतल्या, आणि आता कसं खरं लिहून दिलं.

"म्हंजे नापास करतील का काय तुला?"

"न्हाई. पण लांबंल. कदाचित लई लांबंल."

"मग सांगायचंच कशाला? कुनाला कळलं नसतं."

"मला कळलं व्हतं की आई."

तिने दुसरी जुडी सोडली. काड्या एकीकडे, पानं एकीकडे चाललं होतं. मग तिचे हात थांबले.

"तुला एक सांगायचं हाय," ती म्हणाली. "दादाला इचारू नगंस, त्यानं माझं ऐकलं. तुला कळवू नका असं त्यांनी म्हनलं नव्हतं."

मला आधी समजलंच नाही. "मग काय म्हनले व्हते?"

"तिला बोलवा म्हनत व्हते. दवाखान्यात नेल्यापासनं तेच. मी म्हनलं, पोरगी आली की रडंल, समदं सोडून हितंच बसंल, सा वर्साचं पानी व्हईल. डाक्टर म्हनलं व्हतं पंधरा दिस तरी काढतील. मला वाटलं, मधी येळ हाय."

"आई."

"त्यांना सांगितलं, निघाली म्हून. मग इचारायचे, कुठवर आली? मी सांगायची, आली हडपसरपतुर. दुसऱ्या दिशी परत इचारलं, कुठवर आली. म्हनलं, हडपसर. लई गर्दी हाय म्हनलं रस्त्याला." तिने ओंजळीतली मेथी खाली ठेवली. "तिसऱ्या दिशी इचारलं न्हाई. नुसतं दाराकडं बगत व्हते."

मी सदाशिव पेठेत होते. स्कूटरवर एका तासाच्या अंतरावर. त्या तीन दिवसांत मी सेमिनारच्या पडद्यावरच्या अक्षरांचा रंग दोनदा बदलला होता.

मी आईवर ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुला कुणी सांगितलं होतं माझ्या वतीने ठरवायला, असं काहीतरी, आणि त्याहून वाईट. शेजारची बाई पदराला हात पुसत दारात आली आणि परत फिरली, एवढं आठवतं. आई हलली नाही, तिने मला थांबवलंही नाही. चार महिने अंगाला चिकटलेलं ते बधिरपण कुठे गेलं कळलं नाही, सगळं एकदम दुखायला लागलं, आणि ज्या बाईचं तोंड बघू नये असं वाटत होतं तिच्याच मांडीवर डोकं ठेवून मी हंबरडा फोडला. ती माझ्या केसांतून मेथीचे ओले हात फिरवत राहिली आणि पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिली, "तुझी परीक्षा व्हती गं. तुझी परीक्षा व्हती."